टेंभरे सरांचा पंधरावा शब्द

पहिल्या भेटीत टेंभरे सरांनी माझं नाव विचारण्याआधी माझ्या खुर्चीचा पाय हलवून पाहिला. मला शाळेत रुजू होऊन जेमतेम दहा मिनिटं झाली होती. नवी साडी, मांडीवर जाडजूड इंग्रजी शब्दकोश आणि चेहऱ्यावर एम.ए.चा सगळा रुबाब घेऊन मी शिक्षकांच्या खोलीत बसले होते. तेवढ्यात एक उंच, किडकिडीत गृहस्थ आत आले आणि कुणाशी काही न बोलता थेट माझ्या पायाशी उकिडवे बसले. मी दचकून पाय वर घेतले. त्यांनी खुर्ची दोनदा हलवली, शर्टाच्या खिशातून पुठ्ठ्याचा एक तुकडा काढून पायाखाली सरकवला, पुन्हा हलवून पाहिली आणि मग उभं राहून हात जोडले.

"आता बसा मॅडम, बिनधास्त. पहिले हलते का नाई ते पाहा, मंग भार टाका. मी टेंभरे. इंग्रजी."

मी वर्ध्याची. शिक्षणसेवक म्हणून नेमणूक मिळाली ती थेट गोंदियाजवळच्या या शाळेत, कामठ्याच्या रस्त्यावर. कुडव्याला एक खोली भाड्यानं घेतली होती आणि रोज स्कूटीवरून ये-जा करायची. पाचवी ते आठवीचं इंग्रजी माझ्याकडे, नववी-दहावीचं सरांकडे. सर गावातलेच, शेतीवाले. घरी पोवारी बोलायचे, वर्गात झाडीबोली, पानठेल्यावर हिंदी. या तिन्हींमधून वेळ उरला की इंग्रजी, आणि तिलाही या तिन्हींचा वास यायचा.

सर कुठल्याही वस्तूवर बोटाच्या पेरानं टकटक केल्याशिवाय राहत नसत. भिंत, फळा, भोपळा, स्टीलचा डबा, क्वचित एखाद्या मठ्ठ विद्यार्थ्याचं डोकं. सुरुवातीला मला वाटलं, माणूस जरा सुटलेला आहे. पुढे त्यांनीच त्याचं मूळ सांगितलं. सातवीत असताना त्यांच्या गुरुजींनी फळ्यावर 'फर्मनेस' शब्द लिहिला आणि अर्थ दिला 'दृढता'. छोट्या टेंभऱ्यानं हात वर करून विचारलं, "गुरुजी, दृढता म्हंजे का जी?" गुरुजी म्हणाले, "निश्चलता." यानं पुन्हा विचारलं, "अन् निश्चलता म्हंजे?" त्यावर एक सणसणीत थापड मिळाली.

"थापडीचा अर्थ लगेच समजला," सर सांगायचे. "कारण थे गालाले लागली होती. तवाच ठरवलं मॅडम, मास्तर झालो तर शब्दाले शब्द नाई देणार. वस्तू देणार. हात लावून पाहा, हेच माहं व्याकरण."

आणि खरोखरच, दरवर्षी नववीचा पहिला धडा सुरू होण्याआधी पंधरा दिवस सर एकच शब्द शिकवत. फर्मनेस. त्याचे जेवढे भाऊबंद सापडतील तेवढे, आणि प्रत्येकाचा नमुना वर्गात फिरायचा. 'स्टिफनेस'साठी सरांच्या पत्नी देवकावहिनींनी भाताच्या पेजेची खळ घालून वाळवलेलं धोतर यायचं. ते टेबलावर उभं राहायचं, अगदी आधाराशिवाय. 'सॉलिडिटी'ला वीट. 'स्टेडिनेस'साठी वर्गातली एखादी मुलगी डोक्यावर पाण्याची कळशी घेऊन दोन बाकांमधून हात न लावता चालून दाखवायची. आणि 'हार्डनेस'ला सुपारी. ती साठ हातांतून फिरून शेवटी सरांच्या खिशात जायची आणि मधल्या सुट्टीनंतर कधीच कुणाला दिसायची नाही. ती कुठे जाते हे अख्ख्या वर्गाला ठाऊक होतं.

तर आता खर्ऱ्याकडे येते. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून हाताच्या जोरावर घोटतात, त्याला आमच्याकडे खर्रा म्हणतात. सर दिवसाला चार पुड्या खायचे. शाळेपासून थोड्या अंतरावर मुन्नाचा पानठेला होता. सर वळणावर दिसले की मुन्ना घोटायला सुरुवात करायचा. "गुरुजी, आपका माल रेडी है," ही हाक वर्गापर्यंत ऐकू यायची. मुलं विचारायची, "सर, खर्रा चांगला नाई ना?" सर म्हणायचे, "माह्या तोंडाकडे पाहू नका. फळ्याकडे पाहा."

पहिल्याच पावसाळ्यात त्यांचा वर्ग मी शेतात पाहिला. शाळेला लागूनच भाताच्या बांध्या, म्हणजे खाचरं होती, त्यांत रोवणी, म्हणजे लावणी चालू होती. सरांनी चाळीस-पन्नास मुलं धुऱ्यावर, म्हणजे बांधावर उभी केली. जुना धुरा टणक असतो, नवा टाकलेला मऊ असतो, हा फरक पायानं शिकवायचा होता. आमचे मुख्याध्यापकही छत्री धरून पाहायला आले होते. सर खळ घातलेल्या पांढऱ्या पँटमध्ये जुन्या धुऱ्यावर थाटात चालले, "चिल्ड्रेन, धिस इज फर्मनेस," म्हणाले, आणि पुढचं पाऊल नव्या धुऱ्यावर टाकलं. गुडघ्यापर्यंत आत. दुसरा पाय टेकवून पहिला काढायला गेले तर तोही गेला. रोवणाऱ्या बाया कंबरेवर हात ठेवून हसायला लागल्या. सरांचा चेहरा जराही हलला नाही. तसेच चिखलात रुतलेले असताना त्यांनी बोट वर केलं.

"अँड धिस, चिल्ड्रेन, इज नॉट."

चार मुलांनी ओढून त्यांना बाहेर काढलं. एक चप्पल आजही त्या बांधीत असेल. पण त्या वर्षी नववीतलं एकही पोरगं हा शब्द चुकलं नाही. माझ्या सातवीच्या मुलांना मात्र मी कोशातून सहा प्रतिशब्द पाठ करून घेतले होते, तीन ओळींत, स्वच्छ अक्षरात. एकालाही आठवले नाहीत. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही.

तिसऱ्या वर्षी दिवाळीनंतर शाळा उघडली तेव्हा देवकावहिनींनी सगळ्यांसाठी बडे, म्हणजे वडे पाठवले होते. उडदाचे, चांगले जाड, त्यांच्या हातचे. आम्ही सगळे अख्खे तोंडात घालत होतो. सर एका कोपऱ्यात बसून बडा नखानं तोडून तोडून, चिमणीला घालावेत तसे तुकडे ओठांतून आत सरकवत होते. मी विचारलं, "सर, दात दुखतात का?" म्हणाले, "नाई जी. तोंड उघडून नाई राहिलं."

मग माझ्या लक्षात आलं की गेले कित्येक महिने त्यांचा 'आ' बारीक होत चालला होता. 'फादर'चा 'फेदर' व्हायला लागला होता. मी त्यांना जवळजवळ धाक घालूनच गोंदियाला दातांच्या डॉक्टरकडे पाठवलं.

दुसऱ्या दिवशी सर आले ते थेट माझ्यासमोर बसले. खुर्ची हलवून न पाहता बसले, तेव्हाच मला धसका बसला. डॉक्टर तरुण होता, त्यानं सांगितलं होतं, "सर, तीन बोटं उभी धरून तोंडात घालून दाखवा." दीड बोट गेलं. सुपारीनं गालाच्या आतलं मांस आवळत गेलं होतं, त्याचे कडक पट्टे झाले होते. खर्रा बंद केला नाही तर काही महिन्यांत नळीनं पेज प्यायची पाळी येईल, आणि त्याहून वाईटही काही होऊ शकतं. त्याचं नाव डॉक्टरांनी घेतलं होतं. सरांनी माझ्यासमोर घेतलं नाही.

"मले म्हणे, गालाच्या आत बोट फिरवून पाहा. मी पाहिलं." सरांनी बोटाच्या पेरानं गालावर टकटक केलं. "मॅडम, तीस वरसं फर्मनेस बाहेर शोधून राहिलो. थो तर माह्या गालातच होता."

मला हसू आलं आणि रडूही आलं, आणि दोन्ही एकाच वेळी आवरायला फार कठीण गेलं.

डॉक्टरांनी व्यायाम सांगितला होता. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून वरच्या-खालच्या दातांमध्ये धरायच्या आणि रोज थोडा वेळ तसंच बसायचं. दोन-अडीच आठवड्यांनी एक काडी वाढवायची. पहिल्या दिवशी सरांच्या दातांत नऊ काड्या मावल्या. साधा माणूस नऊ काड्या तोंडात धरून गप्प बसला असता. टेंभरे सरांनी प्रत्येक काडीवर निळ्या पेनानं एकेक शब्द लिहिला. फर्मनेस, हार्डनेस, स्टिफनेस, सॉलिडिटी, स्टेडिनेस, स्टॅबिलिटी, स्ट्रेंथ, रिजिडिटी, टफनेस.

"तोंड वाढलं का शब्द वाढला," त्यांनी मला नियम सांगितला. "शब्द तुम्ही द्यायचा, तुमच्या त्या पोथ्यातून. नमुना मी शोधीन. अन् नमुना हाताले लागल्याशिवाय काडी तोंडात जाणार नाई."

एम.ए. झाल्यापासून माझ्या शब्दकोशाला पहिल्यांदाच कुणीतरी काम दिलं होतं.

काड्यांचा विधी वर्गातच व्हायचा, मुलं लिहीत असतानाच्या वेळात. सर घरून उकळत्या पाण्यातून काढलेल्या काड्या स्टीलच्या डबीत आणायचे. एकेक काडी वर्गासमोर धरायचे, वर्ग मोठ्यानं वाचायचा आणि नमुना सांगायचा. "स्टिफनेस! धोतर!" मग ती काडी तोंडात. "टफनेस! टायरची चप्पल!" तोंडात. नऊ झाल्या की सरांचे ओठ ताणलेले, डोळे वटारलेले, आणि हातात डस्टर. बोलता येत नसल्यानं ते डस्टर आपटून वर्ग चालवायचे. एक ठोका म्हणजे लिहा, दोन म्हणजे गप्प बसा. वर्गात इतकी शांतता मी त्या शाळेत कधी पाहिली नव्हती. शाई मात्र जिभेला लागायची. संध्याकाळी वहिनी म्हणायच्या, "आज कोन्ता शब्द खाल्ला जी? जीभ निळी होऊन राहिली."

एकदा वर्गतपासणीला साहेब आले. त्यांनी विचारलं, "काय शिकवताय?" सरांनी दहा काड्यांसकट नम्रपणे मान झुकवली. साहेब माझ्याकडे वळले. मी सांगितलं, "प्रतिशब्द." साहेबांनी आणखी काही विचारलं नाही.

दहावा शब्द 'डेन्सिटी', नमुना मोहाचं लाकूड. अकरावा 'कॉम्पॅक्टनेस', मुरमुऱ्याचा लाडू, जो फिरता फिरता तिसऱ्या बाकावर नाहीसा झाला. बारावा 'टाइटनेस', कुणाच्या तरी बापानं आवळलेली भाताच्या पेंढीची गाठ. तेरावा 'टेनॅसिटी'. त्याचा नमुना एका मुलीनं काडेपेटीतून आणला, म्हशीच्या कानावरची जिवंत गोचीड. हात लावून पाहायला त्या दिवशी कुणी पुढे आलं नाही, पण शब्द सगळ्यांना कळला. चौदावा 'फिक्स्डनेस' होता, शाळेच्या पायरीतला खिळा, ज्यात प्रत्येकाची चप्पल एकदा तरी अडकली होती.

चौदा काड्यांना सरांच्या तोंडात दोन बोटं जायला लागली होती. डॉक्टर खूश होते. पंधरावा शब्द मी दिला 'रिझॉल्व्ह'. निश्चय. सरांनी काडीवर लिहिला आणि नमुना शोधायला निघाले ते निघालेच. निश्चयाला हात कसा लावायचा? त्यांनी मुख्याध्यापकांना टकटक करायचं तेवढं बाकी ठेवलं. काडी डबीत पडून राहिली.

आणि त्याच सुमारास काहीतरी बिघडलं. चौदावी काडी जाईना. मग तेरावी अडली. सर म्हणायचे, थंडीनं गाल आखडले असतील. मी विश्वास ठेवला. मुन्नाच्या ठेल्यावरून हाक येणं केव्हाच बंद झालं होतं, त्यामुळे शंका घ्यायचं कारण नव्हतं. मुन्ना हाक न मारता पुडी देतो, हे मला उशिरा कळलं.

त्या दिवशी मी वही मागायला त्यांच्या वर्गात गेले होते. सर काड्या दाखवत होते, वर्ग ओरडत होता. सहावी काडी वर आली. पहिल्या बाकावर सरिता नावाची मुलगी होती, गोचीडवाली तीच. वर्ग ओरडला, "स्टॅबिलिटी! चूल!" सरितानं मान पुढे काढून नीट पाहिलं आणि अगदी निरागसपणे म्हणाली, "सर, स्टॅबिलिटीले खर्रा लागला आहे."

काडीच्या टोकाला सरांच्या बोटांचा पिवळट डाग होता आणि सुपारीचा एक कण चिकटलेला होता. वर्गात कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच थांबलं. सरांनी काडी पाहिली, डबीत ठेवली, झाकण लावलं. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मला त्यांचा राग आला, खोटं कशाला सांगू. दहाव्यापासूनचे शब्द शोधताना माझी पण काही मेहनत होती. मधल्या सुट्टीत मी तोंडावर म्हटलं, "सर, नळीनं पेज प्यायची असेल तर प्या. मी नळीला प्रतिशब्द शोधून देते."

सरांनी काड्यांची डबी खिशात टाकली. म्हणाले, "पोट्टीनं पाहिलं मॅडम. तुम्ही पाहिलं असतं तर चाललं असतं."

दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला सर मुन्नाच्या ठेल्यावर गेले, सगळ्यांसमोर, ऐन प्रार्थनेनंतर. ताजी पुडी घोटून घेतली. मुन्नानं पन्नीची घडी घातली, वरून रबर चढवलं. सर ती सगळ्यांना दिसेल अशी हातात धरून वर्गात आले आणि टेबलाच्या मधोमध ठेवली. मग पंधरावी काडी डबीतून काढून तिच्या शेजारी ठेवली.

"हा रिझॉल्व्हचा नमुना," ते म्हणाले. "ही पुडी इथंच राहीन. रोज माह्यापासून एक हातावर. नाई फोडली तर रिझॉल्व्ह. फोडली तर सुपारी. रोज पहिल्या तासाले सरितानं येऊन पाहाचं."

मुख्याध्यापक धावत आले. "टेंभरे, शाळेत तंबाखू? मला घरी पाठवायचंय का?"

"हे तंबाखू नाई सर. शैक्षणिक साहित्य आहे."

"मग साहित्य नोंदवहीत नोंद कुठे आहे?" असं मुख्याध्यापक रागानं म्हणाले आणि तिथेच चुकले, कारण सरांनी तेवढ्यात वही आणलीसुद्धा. पृथ्वीचा गोल, एक नग. लाकडी कंपास, दोन नग. आणि त्याखाली सरांच्या सुबक अक्षरात, 'खर्रा पुडी, न उघडलेली, इंग्रजी, एक नग.' मुख्याध्यापकांनी डोक्याला हात लावला आणि त्याच हातानं सही केली.

पहिले पंधरा दिवस वाईट होते. सरांची चिडचिड व्हायची, एका ठोक्याऐवजी डस्टर सात-आठदा आपटलं जायचं. पुडीकडे बघत नाही असं दाखवण्यासाठी ते इतके जोरात खिडकीबाहेर बघायचे की मुलंही तिकडे बघायला लागायची. एकदा मी खिडकीतून पाहिलं, वर्ग रिकामा होता आणि सर टेबलापाशी उभे होते. हात पुडीपर्यंत गेला. त्यांनी बोटाच्या पेरानं पुडीवर टकटक केलं आणि हात मागे घेतला. मी तशीच परत फिरले. आयुष्यात मला कुणाचा इतका अभिमान वाटल्याचं आठवत नाही, आणि तो एका खर्ऱ्याच्या पुडीमुळे वाटावा याची जरा लाजही वाटली.

पंधरावी काडी जायला पुढची दिवाळी उजाडली. वहिनींनी पुन्हा बडे पाठवले. सगळी शाळा सरांभोवती उभी राहिली. सरांनी बडा उचलला, पेरानं ठोकून पाहिला आणि अख्खा तोंडात घातला. गेला. मग बराच वेळ गाल फुगवून, डोळ्यांत पाणी आणून बसले, कारण घातल्यावर चावायला जागाच उरली नव्हती. शेवटी गिळला आणि म्हणाले, "टफनेस. तुमच्या वहिनीले सांगू नका."

तीन बोटं कधीच गेली नाहीत. अडीचवर गाडी थांबली ती थांबलीच. पण 'फेदर' पुन्हा 'फादर' झाला.

सर निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या सगळ्या साहित्याचा प्रभार माझ्याकडे आला. आम्ही दोघं वही घेऊन बसलो. मी एकेका वस्तूपुढे सही करत गेले आणि त्या ओळीशी थबकले. सर म्हणाले, "काऊन थांबल्या? हात लावून पाहा, मंग सही करा." मी हात लावला. पुडी दगडासारखी झाली होती. मी सही केली. निरोपाच्या भाषणात सर माझ्याकडे पाहून एवढंच बोलले, "मॅडम, तुमच्या खुर्चीखालचा पुठ्ठा दरवर्षी बदलत जा." मग वहिनींच्या मागे गाडीवर बसून गेले. गाडी वहिनी चालवत होत्या.

दोन वर्षांपूर्वी सर गेले. छातीत दुखल्याचं निमित्त झालं, तोंडाचा त्यात काही दोष नव्हता. हे वहिनींनी मला स्वतःहून सांगितलं, जरा ठसक्यातच. "डॉक्टरनं शेवटी आ करा म्हटलं, तर केवढा मोठा आ केला बाप्पा. दाखवून राहिले होते त्याले."

शाळेत दरवर्षी मार्चअखेर साहित्याची पडताळणी होते. सर गेले त्या वर्षी मी कपाटातून पुडी काढली तर रबराचे तुकडे माझ्या हातात आले. रबर सडून गेलं होतं, कधी ते कळलंही नव्हतं. पण पन्नीची घडी तशीच होती, मुन्नानं घातलेली. मी ती कानाशी धरून हलवून पाहिली. आत काही हललं नाही. वर्गात कुणी नव्हतं म्हणून बरं, कारण मी तिथेच टेबलावर डोकं ठेवून रडले.

शेऱ्याच्या रकान्यात दरवर्षी मी 'सुस्थितीत' लिहायचे. त्या वर्षी लिहिलं, 'फर्म'. नवे मुख्याध्यापक कोल्हापूरकडचे, नेमके त्याच ओळीवर अडखळले. "मॅडम, ही खर्रा पुडी म्हणजे काय प्रकार? आणि फर्म म्हणजे काय लिहिलंय?"

मी पुडी त्यांच्यासमोर ठेवली.

"हात लावून पाहा, सर."